मामाजी, तुमच्या ‘जाऊ नको’त काय दडलं होतं

मामाजी,

दुपारचे दोन वाजलेत. ही आपली दोघांची, सासरे-सुनेची, अभ्यासाची वेळ. तुमचा संतोष मोटारपंपाच्या दुकानात गेलाय, ईश्वरीची शाळा सुटायला अजून वेळ आहे, आणि आई आत आहेत. परवा तुमची तेरवी झाली. मंडपाचे बांबू काल नेले. ओसरीवर तुमची खुर्ची आहे तिथंच आहे. मी तिच्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसलेय, कारण तिच्याकडे तोंड केलं की पेन हलत नाही.

नोकरीवर रुजू व्हायच्या तारखेला चार दिवस उरलेत. सकाळी चहाला आधण ठेवलं आणि साखर टाकली की नाही तेच आठवेना. ईश्वरीच्या डब्यात दोनदा भाजी भरली. मुदत वाढवून मिळेल का म्हणून काल त्या ऑफिसात फोन केला, तर लेखी अर्ज करा म्हणाले, वाढवून मिळेलच असं काही नाही. त्या ‘च’वर मी अडकले. परीक्षेच्या प्रश्नात ‘च’ दिसला की गाडीला ब्रेक, असं तुम्ही सांगून ठेवलंय.

तुमच्याशी भांडून राहिलेलं आहे, ते संपवायला लिहितेय. तुम्ही उत्तर देणार नाही हे मला कळतं. तरी लिहितेय.

आठ वर्षांपूर्वी मी वडनेर भोलजीहून या घरात आले, त्याच वर्षी तुम्ही एसटीतून रिटायर झालात. पहिली दोन वर्षं आपण कामापुरतंच बोललो. तुम्ही पेपर वाचायचे, मी चहा ठेवून निघून जायचे. ईश्वरी पाळण्यात होती तेव्हा मी ओसरीवर बसून स्पर्धा परीक्षेचं पुस्तक उघडत असे, आणि कोणाची चाहूल लागली की पदराखाली घेत असे. एके दिवशी तुम्ही विचारलंत, काय वाचून राह्यली? मला वाटलं, आता हे बंद होणार. तुम्ही पुस्तक हातात घेतलं, चष्मा लावला आणि नेमकं ‘विधान आणि गृहीतके’ हे प्रकरण उघडलं. मोठ्यानं वाचलंत: विधान, बसस्थानकावर पाटी आहे, ‘कृपया रांगेत उभे राहा.’ खालीलपैकी कोणतं गृहीतक या विधानात दडलेलं आहे?

तुम्ही हसलात. म्हणालात, “हे त माहं खातंच हाये. जिंदगीभर मी या पाट्यायच्या खाली उभा राह्यलो.”

त्या दिवसापासून दुपारचे दोन तास आपले झाले. तुमचं शिक्षण दहावीपर्यंत, इंग्रजीत तुम्हाला गती नव्हती, गणिताच्या पानावर तुम्ही बोट ठेवून बसायचे. पण वाक्याच्या आत दडलेलं काढायचं म्हटलं की तुमचे डोळे चमकायचे. चिखली डेपोच्या गाडीत तीस वर्षं माणसं बघितलेला कंडक्टर होता तुम्ही. ‘मेहकरले थांबते का?’ असं कोणी विचारलं, की त्यानं काय काय धरून चाललंय ते तुम्हाला आपसूक दिसायचं. ही गाडी मेहकरवरून जाते हे त्यानं धरलं. मी त्या गाडीचा कंडक्टर आहे हे धरलं. मी खरं सांगीन हे धरलं. यातलं त्यानं एकही बोलून दाखवलं नाही, पण यातलं एकही काढलं तर त्यानं विचारलंच नसतं.

तुम्ही चुकायचेही. ‘खिडकीबाहेर हात काढू नका’ या पाटीवर तुम्ही ठामपणे सांगितलंत, यात धरलेलं असं की आजवर कोणाचा तरी हात तुटला. मी म्हटलं, मामाजी, तो तुम्ही काढलेला अंदाज झाला. पाटीला तेवढं लागत नाही. हात बाहेर काढला तर इजा होऊ शकते एवढंच पाटी धरून चालते. आजवर एकाचाही तुटला नसला तरी पाटी लावता येते. तुम्हाला पटलं नाही. पेपर उघडून बसलात. दुसऱ्या दिवशी दोन वाजता आलात ते रात्रभर विचार करून आल्यासारखे, आणि म्हणालात, “तुहं बराबर हाये. खरं असनं येगळं आन् वाक्याले ते लागनं येगळं.”

मामाजी, मी दोन क्लास लावले होते, एक चिखलीत, एक बुलढाण्यात. इतकं स्वच्छ मला कोणी सांगितलं नव्हतं. मग तुम्हीच पुढची युक्ती काढलीत. गृहीतक उलटं करून पाहायचं. उलटं केल्यावर विधान कोसळलं तर ते गृहीतक खरं, विधान तसंच उभं राहिलं तर तो पर्याय नुसता शोभेचा. लोक पाट्या वाचतच नाहीत असं धरा. मग पाटी कशाला लावायची? कोसळलं. लोकांना रांग आवडते असं धरा, आवडत नाही असं धरा. पाटीला काही फरक पडत नाही. सोडून द्या. पुस्तकात हीच युक्ती चार पानांनंतर अवघड शब्दांत दिली होती. ते पान आल्यावर मी तुम्हाला दाखवलं, तेव्हा तुम्ही दिवसभर घरात छाती काढून फिरलात. आईंनी विचारलं, आज काय झालं यायले?

एकच प्रश्न आपला कधी सुटला नाही. वडील मुलाला म्हणतात, ‘आभाळ आलंय, छत्री घेऊन जा.’ मुलगा बाहेर जाणार आहे, हे गृहीतक. यावर वाद नव्हता. घरात छत्री आहे, यावरही नाही. तिसरं होतं, मुलगा वडिलांचं ऐकेल. पुस्तक म्हणायचं, हेही दडलेलं आहे, कारण ऐकणार नाही असं वाटत असेल तर सल्ला कोण देतो? मी पुस्तकाच्या बाजूनं होते. तुम्ही म्हणालात, “हे पुस्तक लिहिनाऱ्याले लेकरू नसन. संतोषले मी जलमभर सांगून राह्यलो, त्यानं येकदा नाही आयकलं. म्हनून काय मी सांगाचं सोडलं?”

मी म्हटलं, परीक्षेत तुमचं उत्तर लिहिलं तर मार्क जाईल. तुम्ही म्हणालात, मार्कासाठी पुस्तकाचं लिही, पण मनात माझं ठेव. असे दर दोन-तीन महिन्यांनी आपण छत्रीवर येऊन भांडायचो, आणि आई आतून म्हणायच्या, छत्री फाटून जाईन आता.

परीक्षेत पहिल्या वेळी मी थोडक्या मार्कांनी राहिले. मी दोन दिवस स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. तुम्ही समजूत घालायला आला नाहीत. बुलढाण्याला गेलात, नवीन पुस्तक आणलंत, आणि दोन वाजता खुर्चीत बसून हाक मारलीत, “मनीषा, मी बसलो हाये.” एवढंच. मी हात पुसत बाहेर आले.

दुसऱ्या वेळी अकोल्याच्या केंद्रावर तुम्ही सोबत आलात. मला आत सोडून तुम्ही समोरच्या रसवंतीच्या बाकावर बसलात ते तीन तास उठला नाहीत, असं त्या रसवंतीवाल्यानंच मला नंतर सांगितलं. मी बाहेर आले तर तुम्ही पेपर कसा गेला विचारलं नाही. गृहीतकांचे किती आले, ते विचारलंत. मी म्हटलं पाच. किती जमले? पाचही. तेव्हा तुम्ही उठलात आणि म्हणालात, आता मले पानी प्यावं लागन. तोवर तुम्ही पाणीही प्यायला नव्हता, मामाजी. हे आज का आठवावं?

निकाल लागला. यादीत माझं नाव होतं. तुम्ही चिखलीच्या स्टँडवर जाऊन ओळखीच्या प्रत्येक ड्रायव्हर-कंडक्टरला सांगून आलात, आणि परत येताना पेढ्यांचा बॉक्स गाडीतच विसरलात. मग ऑर्डर आली. कनिष्ठ लिपिक, आणि गाव नंदुरबारकडचं, तालुक्याचं. आम्ही कोणी पाहिलेलं नाही. चिखलीहून जायचं तर एक अख्खा दिवस.

तुमचा मुलगा बघू म्हणाला. त्याचं दुकान उचलून नेण्यासारखं नाही, हे मलाही माहीत होतं. ईश्वरी पहिलीत. तिला घेऊन मी एकटी राहणार, दिवसभर ऑफिसात असणार, तिला शाळेतून कोण आणणार, तिला ताप आला तर कोण बसणार? रात्री हे मला म्हणाले की आपण नाही म्हणून टाकू. सकाळी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, “तू जाय. बाकीचं मी पाहतो.”

‘बाकीचं मी पाहतो’ म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. तुम्ही म्हणालात म्हणजे काहीतरी होईल, इतकं मी धरून चालले. विचारायला हवं होतं.

चार दिवसांनी तुम्ही मलकापूरला जुन्या ड्रायव्हर मित्राकडे लग्न आहे म्हणून निघालात. दोन दिवसांनी आलात. चेहरा उतरलेला होता, पाय सुजले होते. मी विचारलं तर म्हणालात, मांडवात उभं राहावं लागलं. जेवला नाहीत. त्यानंतर दोन दिवस तुम्ही दोन वाजता खुर्चीत बसत होता पण हाक मारत नव्हता. आणि तिसऱ्या दिवशी, चहा घेताना, सगळे असताना, तुम्ही कपाकडे बघत म्हणालात, “मनीषा, जाऊ नको. पुढच्या परीक्षेची तयारी करू. जवळचं भेटन.”

माझ्या हातात ईश्वरीची वेणी होती. ती तशीच राहिली. सगळं घर नाही म्हणालं असतं तरी चाललं असतं, त्याची मी तयारी केली होती. तुमची केली नव्हती. सहा वर्षं ज्यांनी शिकवलं तेच म्हणत होते जाऊ नको. मला त्या क्षणी एकच अर्थ लागला. शिकायला हरकत नव्हती, कारण सून ओसरीवरच होती. ती खरंच निघाली तेव्हा तुम्हीही बाकीच्यांसारखेच सासरे झालात.

मी म्हटलं, “मामाजी, मी पास होनार नाही असं धरूनच तुम्ही मले शिकवलं का?”

तुम्ही वर पाहिलं. तुमचे ओठ हलले. मग म्हणालात, “तसं नाही, बाई.” आणि कप ठेवून बाहेर गेलात.

तुमच्या तोंडून या घरात मी ऐकलेले ते शेवटचे शब्द, मामाजी. पुढचे चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुमचा चहा खुर्चीच्या बाजूला ठेवायचे आणि न थांबता आत यायचे. कप रिकामा परत येत होता, पण तुम्ही तो गरम असताना घेत होता की गार करून, ते मी पाहिलं नाही. तुम्हीही दोन वाजता हाक मारली नाही. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते, तुम्ही हाक माराल म्हणून. मारली असती तर आले असते का? आले असते. पण तुम्हाला ते कसं कळणार? मी ते कुठं बोलून दाखवलं होतं?

पाचव्या सकाळी पेपर तुमच्या हातातून पडला. आवाज पेपरचाच आला, तुमचा नाही. इथल्या डॉक्टरांनी लगेच मोठ्या दवाखान्यात हलवा म्हणून सांगितलं. गाडीत तुमचं डोकं ह्यांच्या मांडीवर होतं आणि मी पायाशी बसले होते, तुमचे तळवे चोळत. देऊळगाव राजा मागे गेलं. जालना यायच्या आधी तळवे गार झाले. मी चोळतच होते. ह्यांनी माझा हात धरला तेव्हा मी थांबले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू आहे. मी ते वाक्य बोलले आणि पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. एकामागून एक घडलं म्हणून एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही, हे कारण आणि परिणामाच्या प्रकरणात तुम्हीच मला समजावलं होतं. म्हणाला होतात, लोकांना वाटतं मी घंटी मारतो म्हणून गाडी थांबते, पण घंटी माझी आणि ब्रेक ड्रायव्हरचा. मग माझं वाक्य काय होतं, मामाजी? घंटी की ब्रेक? दवाखान्यातले म्हणाले, हृदय आधीपासूनच दमलेलं असणार. ते मी रोज स्वतःला सांगते. दिवसा पटतं. सकाळी चहाचा कप धुताना पटत नाही.

लोक येत होते, जात होते. मी वाढत होते, भांडी घासत होते. आणि मनात ठरवून टाकलं होतं की नोकरी सोडायची. तुमचं शेवटचं सांगणं तेवढंच होतं ना, जाऊ नको. छत्रीच्या प्रश्नात मी पुस्तकाच्या बाजूनं होते: सांगणारा धरून चालतो की ऐकणारा ऐकेल. मग मी ऐकायला नको?

दहाव्याच्या दुपारी तुमचा फोन वाजला. तो माझ्याजवळच होता. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून एक बाई खानदेशी हेलात विचारत होत्या, काका आहेत का, खोलीचं काय करायचं? दुसरं गिऱ्हाईक आलंय, पण काकांना शब्द दिलाय म्हणून थांबलोय.

मी विचारलं, कोणती खोली?

त्या बाईंनी गावाचं नाव घेतलं. माझ्या ऑर्डरवर होतं तेच.

मामाजी, तुम्ही मलकापूरला गेलाच नव्हता. दिवसभर एसटीनं प्रवास करून तुम्ही तिथं पोचलात, माझं ऑफिस शोधलंत, तिथपासून चालत जाता येईल अशी खोली शोधलीत. बाईंनी सगळं सांगितलं. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. तुम्ही विचारलंत, शाळा किती लांब आहे. पाणी किती वाजता येतं. गॅसचं सिलिंडर वर आणून देतात का. मग तुम्ही खोलीबाहेरच्या बोळात पावलं टाकून मोजलंत आणि विचारलंत, इथं माझी खाट मावेल ना? सून ऑफिसात असेल, नातीला दुपारी मी घेऊन येत जाईन.

हे होतं तुमचं ‘बाकीचं मी पाहतो’. तुम्ही स्वतः येणार होता.

पण खोली वरच्या मजल्यावर होती आणि जिना उभा होता. बाई म्हणाल्या, वर येतानाच काका दोनदा थांबले. खोली पाहून उतरताना मधेच पायरीवर बसले. घामानं सदरा भिजला. त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला. अर्धा तास तुम्ही त्या पायरीवर बसून होता. बाई म्हणाल्या, काका, डॉक्टरला दाखवा. तुम्ही प्रवासाचा शीण म्हणालात. खाली दुसरी खोली नव्हती. गावात आणखी दोन ठिकाणी जाऊन आलात, तिथं नुसत्या बाईमाणसाला द्यायला ते तयार नव्हते. संध्याकाळी परत येऊन बाईंना म्हणालात, आठ-दहा दिवस खोली ठेवा, मी काहीतरी जमवतो. आणि जाताना, बाई म्हणाल्या, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालात, “मी नाही चढू शकत. मंग पोरगी येकटी कशी राह्यन?”

मी त्यांना तुमचं सांगितलं. त्या म्हणाल्या, तेरवीपर्यंत खोली कोणाला देत नाही.

तुम्ही ‘जाऊ नको’ म्हणालात, आणि त्याच्या आत काय आहे ते मी चहाच्या कपाइतक्या वेळात ठरवून टाकलं. उलटं करून पाहिलं नाही. तुम्ही शिकवलेली एकच गोष्ट, आणि तीच नेमकी तुमच्या वाक्याला लावायची राहिली. पण मामाजी, माझा रागही आहे. तुम्ही का नाही सांगितलंत? ‘तसं नाही, बाई’ म्हणालात, मग कसं ते पुढं सांगायला आणखी किती शब्द लागले असते? जिन्यावर तुम्हाला असं झालं, हे मला कळलं असतं तर मी तुम्हाला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं. तुम्हाला वाटलं असेल, सांगितलं तर ही जाणारच नाही. म्हणून न सांगता जाऊ नको म्हणालात. हे कसलं उत्तर झालं? दोन्हीकडून मी घरातच.

फोनचं मी तीन दिवस कोणाला सांगितलं नाही. भीती वाटत होती. ह्यांना सांगितलं तर म्हणतील, बाबा जिथं पाहून आले आणि नको म्हणाले तिथं कशाला? आईंना सांगितलं तर त्यांना वाटेल, हिच्या नोकरीपायी माझा माणूस जिने चढला. ते तर खरंच होतं. ते मीच कसं सांगू?

तेरवीच्या संध्याकाळी पाहुणे निघाले, आईंचे जानेफळचे भाऊ तेवढे राहिले. आई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी एकदम बोलायला लागले. खोली, जिना, बोळ, खाट, पायरीवरचा अर्धा तास. ह्यांनी तोंडावर हात धरला आणि ते रडले. गाडीत रडले नव्हते, स्मशानातून आल्यावर रडले नव्हते. मी शेवटी म्हटलं, मी नोकरी सोडते, मामाजींची तशीच इच्छा होती.

आई तांदूळ निवडायच्या थांबल्या. भिंतीकडे पाहत म्हणाल्या, “त्यायनं मले काऊन नाही इचारलं?”

आम्हाला वाटलं, तिकडं जायच्या आधी का विचारलं नाही, असं म्हणताहेत. जानेफळच्या मामांनी समजूत घालायला सुरुवात केली. आईंनी त्यांना हातानं थांबवलं.

“जिना त्यायच्यानं चढनं होत नव्हतं. माह्यानं होते ना. मी येतो मनीषाच्या संगं. पोरीले शाळेतून मी आनीन.”

सगळे एकदम बोलायला लागले. मामा म्हणाले, सव्वा महिना व्हायच्या आत घर सोडायचं नसतं, लोक काय म्हणतील. आई म्हणाल्या, सव्वा महिना थांबली त तारीख निघून जाईन. हे म्हणाले, आई, तुझे गुडघे. आई म्हणाल्या, रोज गच्चीवर कपडे वाळू घालाले कोन जाते? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खरंच, कोण जातं? आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. हे म्हणाले, आणि माझं जेवण? आई म्हणाल्या, तू का लहान हायेस? भाकरी शिक.

मामाजी, सहा वर्षं आपण दोघं या ओसरीवर बसून वाक्यांच्या आतलं शोधत होतो, आणि आई चार हातांवर आत होत्या. आई चिखली सोडणार नाहीत, आईंना परकं गाव नको, आईंचं देवघर, आईंचे गुडघे. हे तुम्ही धरलं, मी धरलं, ह्यांनी धरलं. एवढं शोधून तुम्ही एवढ्या लांब गेलात, खाटेची जागा मोजलीत, जिन्यावर जीव टाकलात, आणि घरातल्या घरात एक प्रश्न विचारला नाहीत. मीही नाही विचारला. तुमच्यावर रागावतेय ते निम्मं माझ्यावरच आहे.

उद्या सकाळी सहाच्या गाडीनं आम्ही तिघी निघतोय. हे सोडायला येतील आणि खोली लावून परत येतील. बाईंना फोन केला, खोली आहे. ईश्वरीच्या शाळेचा दाखला काल काढला.

मला फार भीती वाटतेय, मामाजी. ऑफिसातली माणसं कशी असतील? ईश्वरीला तिथली बोली कळेल का? सव्वा महिन्याच्या आत घर सोडलेल्या आईंना कोणी टोचून बोललं तर मी काय करू? आणि त्या जिन्यावर कितव्या पायरीवर तुम्ही बसला होता, हे मी बाईंना विचारू की नको? विचारलं तर रोज तिथं पाय ठेवताना अडखळेन. नाही विचारलं तर प्रत्येक पायरीवर अडखळेन.

शिकवलंत त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. तुम्ही सासरे, मी सून, असं काही म्हणायची आपल्यात रीत नव्हती. तुम्हाला ते ठाऊक असेल असं मी धरून चालले. आता धरत नाही. म्हणून लिहिते: मामाजी, तुम्ही मला हाक मारली नसती तर मी अजून पुस्तक पदराखाली घेऊन बसले असते.

आई आता बाहेर आल्यात. हातात त्यांच्या दोन साड्या आणि तुमची शाल आहे. ट्रंक नको, पिशवीच बरी म्हणताहेत. विचारलं, कोनाले लिहून राह्यली? मी म्हटलं, मामाजींना. तुमच्या खुर्चीत आजवर त्या कधी बसल्या नव्हत्या. आता बसल्या. शाल मांडीवर घेतली, तिची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. मग म्हणाल्या,

“लिह्य त्यायले. म्हनावं, इचारलं असतं त मी हो म्हनली असती.”